सातव्या डावातली उसंत

उन्हाळा आला की दवाखान्यात एक ठरावीक संवाद घडतो. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले आई-वडील सहा महिन्यांच्या औषधांची चिठ्ठी घेतात आणि उठता उठता विचारतात, "डॉक्टर, तिकडे बेसबॉलच्या सामन्याची तिकिटे काढली आहेत. झेपेल का?"

जरूर जावे. नातवाशेजारी बसून त्याच्याकडून खेळाचे नियम शिकणे हे मला पुष्कळशा औषधांपेक्षा अधिक गुणकारी वाटते. मात्र पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात नको. कॅलिफोर्नियातील उन्हाळ्यातले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. झोपेची घडी बसलेली नसताना गर्दीतल्या पायऱ्या चढू-उतरू नयेत.

सामना नऊ डावांचा. २०२३ पासून तेथील प्रमुख साखळीत चेंडू फेकण्यास वेळेचे बंधन आल्याने तो साधारण अडीच-पावणेतीन तासांत आटोपतो. बरोबरी झाल्यास मात्र लांबतो. माझी खरी चिंता या बैठकीची आहे. प्रसाधनगृह दूर, वाटेत दहा जणांना उठवावे लागणार, या संकोचाने ज्येष्ठ मंडळी पाणी पिणेच टाळतात. त्यात लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि दुपारचे ऊन असेल, तर उठताना भोवळ येते. परक्या देशात खुब्याचे हाड मोडणे काय असते, हे ज्या कुटुंबाने सोसले त्यालाच ठाऊक. म्हणून मुलांना माझे सांगणे असे की, तिकीट काढताना खेळपट्टी किती जवळ, हे पाहू नका. जागा कडेची, सावलीतली आणि कमी पायऱ्यांची घ्या. चाकाच्या खुर्चीसाठीही तेथे राखीव जागा असतात; ती मागण्यात कमीपणा कसला? सॅन फ्रान्सिस्कोचे मैदान तर खाडीकाठी आहे. तेथे जुलैतही संध्याकाळी स्वेटर लागतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाण्याची वेळ सामन्यावर सोपवू नये. औषधे व थोडा खाऊ सोबत असावा. पिशवीचे नियम आधी पाहून ठेवावेत.

आणखी एक. फटका चुकून प्रेक्षकांत येणारा चेंडू कठीण व वेगवान असतो. २०१८ साली अशाच चेंडूच्या आघाताने एका वृद्ध प्रेक्षक महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर संरक्षक जाळ्या वाढवण्यात आल्या. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी जाळीमागेच बसावे. डोक्याला मार लागलाच, तर बरे वाटत असले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

सातव्या डावाच्या मध्यावर सारे मैदान उभे राहून १९०८ सालचे एक गाणे गाते. आपणही सावकाश, खुर्चीचा आधार घेऊन उभे राहावे, पोटऱ्या हलवाव्यात. प्रसाधनगृहाकडे मात्र पाचव्या डावातच जाऊन यावे. सातव्यात तेथे रांग लागते.