दुसरा पडदा कोणाकडे वळलेला?

लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर खरेदीची नोंदवही आणि जीएसटीआर-२बी आळीपाळीने उघडून आकडे जुळविणाऱ्या व्यापाऱ्याची दमछाक समजण्यासारखी आहे. एखादे बीजक नजरेतून निसटले, तर हक्काची करवजावट लांबणीवर पडते. दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी दिसावेत म्हणून बाहेरचा मॉनिटर जोडणे, ही चैन नव्हे.

त्यासाठी नवा मॉनिटरच हवा असेही नाही. अडगळीतील जुन्या मॉनिटरला बहुधा १५ पिनांची, १९८७ मध्ये आलेली व्हीजीए जोडणी असते. लॅपटॉपचे एचडीएमआय मात्र अंकीय संकेत देते. तेथे नुसती केबल निरुपयोगी, संकेत बदलणारा कन्व्हर्टर लागतो. यूएसबी-सीच्या प्रत्येक खाचेतून चित्र बाहेर पडतेच असे नाही, हे विक्रेता क्वचितच सांगतो. माहितीपुस्तिका आधी पाहावी, केबल मागाहून घ्यावी.

जोडणी जमल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. विंडोज प्रणालीत ‘डुप्लिकेट’ हा पर्याय निवडला, की दोन्ही पडद्यांवर एकच चित्र उमटते. दुकानातील मॉनिटरचे तोंड ग्राहकांकडे असेल आणि मालक नेट बँकिंग उघडत असेल, तर पासवर्ड ठिपक्यांआड झाकला जातो. शिल्लक आणि लाभार्थींची नावे मात्र उघडी पडतात. म्हणून ‘एक्स्टेंड’ हाच पर्याय नित्याचा असावा. बँकेचे व्यवहार करताना विंडोज व पी ही बटणे एकत्र दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडावे. मॉनिटरची पाठ दाराकडे ठेवणे तर बिनखर्चाचे आहे.