आभाराचा सदरा

मासिकांकडे जी पुस्तके येतात त्यांवर दोन प्रकारचे शिक्के असतात. एक 'सप्रेम भेट' आणि दुसरा 'अभिप्रायार्थ'. पुस्तके दोन्ही फुकटच. परंतु पहिल्याने घेणारा मिंधा होतो, आणि दुसऱ्याने देणारा आपण होऊन कसोटीस उभा राहतो, हा भेद आमच्या वाचकांस नव्याने शिकवावयास नको. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र हा भेद बुद्ध्याच पुसून टाकण्यात आला आहे, आणि तो पुसण्याचे फडके म्हणजे कंपनीचे नाव छापलेला एक सुती सदरा होय.

प्रकार असा. नवे सॉफ्टवेअर बाजारात आणण्यापूर्वी कंपनी ते हजारो उत्साही मंडळींच्या हाती देते. ते वापरावयाचे, कोठे अडते, कोठे कोलमडते, कोणत्या फटीतून परक्यास दुसऱ्याचा खासगी मजकूर वाचता येतो, हे हुडकावयाचे, आणि तो दोष पुन्हा घडवून दाखविता येईल अशा बेताने पायरीपायरीने लिहून कळवावयाचे. हे काम पगारी परीक्षकाकडून करवून घेतले तर त्यास दरमहा वेतन द्यावे लागते. घरी रात्री जागवून तेच काम करणाऱ्या मुलाची बोळवण आभाराचे पत्र, एक पेला, काही स्टिकर आणि सदरा एवढ्यावर होते. शिवाय तो सदरा घालून मुलगा कॉलेजात गेला म्हणजे कंपनीची जाहिरातही तोच फुकट करतो!

२०१३ साली याहू कंपनीचे जे प्रकरण गाजले ते ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एका स्विस संस्थेच्या संशोधकांनी याहूच्या यंत्रणेतील असे दोष कळविले की त्यांच्या योगे ग्राहकाचे टपालाचे खाते परक्याच्या हाती जाऊ शकले असते. मोबदला काय? दोषामागे साडेबारा डॉलरांचे कूपन, आणि तेही याहूच्याच दुकानात सदरे, पेने घेण्यापुरते चालणारे. जगभर छी-थू झाली तेव्हा कंपनीने दीडशेपासून पंधरा हजार डॉलरांपर्यंतचे दर जाहीर केले. तोवर आपण पदरच्या पैशाने सदरे पाठवीत होतो, असे तेथील अधिकाऱ्याने सांगितले. त्या गृहस्थाच्या सौजन्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु एवढ्या मोठ्या कंपनीचे ऋण एका नोकराच्या सौजन्यावर सोपविले जावे, हीच तर खरी तक्रार आहे.

आता आमच्या गोंदिया जिल्ह्याकडे वळू. येथे उन्हाळ्यात तेंदूची पाने खुडणारी बाई सत्तर पानांचा पुडा बांधते आणि फळीवर पुडे मोजून तिची मजुरी ठरते. विडी वळणारीस हजारामागे दर असतो. दर तुटपुंजे खरेच. त्यातून छाट काढून मजुरी कापण्याची ठेकेदारांची जुनी खोड. त्यापायी भांडणे झाली, १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. पण भांडता आले ते मोजणी होती म्हणून. विडीचा छाप असलेले लुगडे पुढे करून 'हीच तुझी मजुरी' असे कोणी म्हणाला असता, तर त्या बाईने ते त्याच्याच अंगावर भिरकावले असते. तिचा इंजिनियर होऊ घातलेला नातू मात्र तसलाच सदरा मानाचे वस्त्र म्हणून जपतो, आणि आम्ही सुशिक्षित पालक त्याचे कौतुक करतो!

कोणी म्हणेल, हौसेला मोल कशाला? डोनाल्ड क्नूथ हे आपल्या ग्रंथांतील प्रत्येक नव्या चुकीमागे दोन डॉलर छप्पन सेंट देत, आणि लोक तो चेक न वटविता चौकटीत लावीत. खरे आहे. परंतु तेथे दर आधीच जाहीर होता, २००८ पर्यंत चेक बँकेत वटणारा होता, आणि न वटविणे ही घेणाऱ्याची मर्जी होती. मान घ्यावा की पैसा, हे परीक्षकाने ठरवावयाचे, कंपनीने नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. फायरफॉक्स मराठीत आणण्यास ज्यांनी विनामूल्य हात लावला त्यांनाही आम्ही हिणवणार काय? मुळीच नाही. गावच्या तलावाचा गाळ काढणे हे श्रमदान. सावकाराच्या विहिरीचा गाळ काढणे ही वेठ. तलावांच्या ह्या जिल्ह्यात हे उदाहरण कोणासही समजेल. उलट सदऱ्याचे आमिष श्रमदानासही कसे नासविते ते ऑक्टोबर २०२० मध्ये दिसले. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाच्या उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार सुधारणा सुचविणाऱ्यांस सदरा मिळे. तेव्हा सदऱ्यासाठी निरर्थक बदलांचा असा लोंढा लोटला, आणि त्यात आपल्याकडील विद्यार्थीही होते, की राबणारे स्वयंसेवकच टेकीस आले, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला त्यांच्यापुरताच तो उपक्रम मर्यादित करणे चालकांस भाग पडले.

म्हणून मुलांना घरात एवढेच सांगावे: परीक्षणास होकार देण्यापूर्वी दोषामागे दर किती, तो कोण ठरविणार आणि किती दिवसांत मिळणार, हे लेखी मागून घ्या. सदरा वर मिळाला तर खुशाल घाला.