आधी माती, मग मंडप

दिवाळी सरली, की आमच्या दवनीवाड्याच्या आसपास मंडया भरू लागतात. नव्या धानाचा वास, रात्री दंडार आणि दिवसा कबड्डी! गेल्या साली अशाच सामन्यांच्या समितीत मी होतो. पाहुण्यांसाठी मंडप उभा राहिला, हार आले. मैदानाची माती मात्र कोणी भुसभुशीत केली नाही. एका पोराचा गुडघा फुटला. मी स्वतः पंधरा वर्षे कबड्डी खेळलेला. सकाळी अनवाणी पाऊल टाकताच जमीन टणक असल्याचे मला कळले होते. पण पाहुण्यांच्या गडबडीत मी गप्प बसलो.

“खेळाडूंनी खेळावे, कारभार जाणत्यांनी पाहावा,” असे आपल्याकडचे शहाणे सांगतात. मुंबई क्रिकेट संघटनेचे मतदारही बहुधा याच मताचे! १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्या घरी हरवून आलेले अजित वाडेकर २००१ साली अध्यक्षपदाला उभे राहिले. शरद पवारांनी त्यांना हरवले. लॉर्ड्सवर तीन शतके काढणारे दिलीप वेंगसरकर २०११ साली केंद्रीय मंत्री विलासराव देशमुखांपुढे पडले. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले संदीप पाटील २०२२ साली हरले. विजयी अमोल काळे यांच्यामागे एरवी एकमेकांशी भांडणारे पुढारी एकदिलाने उभे होते.

पुढाऱ्याच्या शब्दाने जागा मिळते, पैसा मिळतो, हे मी नाकारीत नाही. पण खेळाडूला कारभार जमत नाही, हे निव्वळ थोतांड आहे. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून दिला आणि पुढे क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्षपदही सांभाळले. तिकडे इंग्लंडचा बिल बोमंट पाहा. १९८० साली त्याच्या रग्बी संघाने पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतले चारही सामने जिंकले. हाच कर्णधार २०१६ ते २०२४ जागतिक रग्बी संघटनेचा अध्यक्ष होता. आपल्याकडे मात्र राष्ट्रीय संघटनांत खेळाडूंच्या जागा राखण्यासाठी २०२५ साली कायदा करावा लागला. यातच सारे आले!

पण खेळाडू बंधूंनो, दोष आपलाही आहे. खुर्ची मिळाली, की आपणही मैदान विसरतो. मी विसरलो होतो.

यंदाही मी समितीत आहे. ‘आधी माती, मग मंडप’ हे पहिल्याच बैठकीत लिहून घेतले आहे. पाहुण्यांना थोडे उन्हात बसावे लागले, तर त्यांनी राग मानू नये. गुडघे पोरांचे फुटतात, पाहुण्यांचे नव्हे.