दूध पचत नाही, यात कमीपणा कसला?

‘दूध प्या, अंगात ताकद येईल’ हा सल्ला आपल्या वस्त्यांमध्ये फुकट मिळतो आणि पाळायला मात्र महाग पडतो. टीबीचं औषध सुरू झालं की दूध. बाळंतीण अशक्त, दूध. अंगणवाडीत पोराचं वजन भरलं नाही, दूध. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या माणसाला चक्कर आली, तरी दूधच. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ज्याला सल्ला दिला त्याच्या पोटात ते दूध टिकतं का, हे कोणी विचारत नाही.

शेलार आणि आसपासच्या पाड्यांमध्ये आम्ही घरोघरी फिरतो तेव्हा हा प्रश्न विचारतो. ‘ताई, दूध घेतल्यावर काय होतं?’ आधी उत्तर येतं, ‘काही नाही.’ थोडं बसलं की खरं बाहेर येतं. पोट डमरू होतं. गुडगुडतं. तासा-दोन तासांत कळ मारून पातळ होतं. सासूबाई म्हणतात, हिला चांगलंचुंगलं खायची सवयच नाही माहेरी. नवरा म्हणतो, नखरे. आणि ती बाई स्वतःच म्हणते, ‘आमच्या पोटाला कुठं सोसतंय श्रीमंतांचं खाणं.’ हे शेवटचं वाक्य आम्हाला फार खुपतं. म्हणून आज या पानावर दुधाबद्दल लिहितो आहोत.

दुधात एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. तान्ह्या बाळाकडे ते भरपूर असतं, कारण आईच्या दुधावरच त्याला वाढायचं असतं. अंगावरचं दूध सुटलं, मूल भाकरीला लागलं, की जगातल्या बहुसंख्य माणसांमध्ये हे द्रव्य हळूहळू कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू धरतो, पाणी सुटतं. एवढंच घडतं. यात रक्त नासलेलं नसतं, आतडं सडलेलं नसतं, करणीबिरणी तर नसतेच.

जगात दर तीन माणसांपैकी साधारण दोघांना मोठेपणी दुधातली साखर पूर्ण पचत नाही. आपल्या देशातही तेच आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतभरच्या दोन हजारांहून जास्त लोकांचे जनुकीय नमुने तपासले गेले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. मोठेपणीही दूध पचवू देणारा जनुकातला बदल सरासरी पाचात एकाच्या आसपास सापडला. वायव्येकडे आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरं पाळणाऱ्या समूहांत तो जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी होत जाणारा. म्हणजे मोठेपणी पेलाभर दूध त्रास न होता पचणं हाच अपवाद, आणि न पचणं हा सर्वसाधारण माणसाचा गुण.

मग त्याला ‘कमतरता’ का म्हणतात? कारण नाव ठेवणारे कोण होते ते बघा. युरोपातल्या, विशेषतः उत्तरेकडच्या गोऱ्या लोकांना दूध पचतं. वैद्यकाची पुस्तकं त्यांनी लिहिली, तेव्हा त्यांचं पोट हे मापाचं पोट ठरलं. १९६६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी काळ्या आणि गोऱ्या लोकांची तुलना छापली. काळ्या लोकांपैकी दहात सुमारे सात जणांना लॅक्टोज पचत नव्हतं, गोऱ्यांमध्ये मात्र थोड्यांनाच तसा त्रास होता. त्यानंतर जगभर तपासण्या झाल्या आणि चित्र उलटं निघालं. गोरे लोकच वेगळे होते. तरी जुनं नाव चिकटून राहिलं ते राहिलंच. कोणाचं शरीर प्रमाण आणि कोणाचं सदोष हे ठरवायचा मान कोणाच्या हातात असतो, हे या मासिकाच्या वाचकाला आम्ही वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे दुधातुपाला पावित्र्य चिकटलेलं आहे. दूध देणारं जनावर ज्याच्या दावणीला, त्याच्या घरचं अन्न ते सात्त्विक. बाकीच्यांचं खाणं हिणकस. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतला स्वयंपाक नोंदवला. त्यात दूध-तूप शोधूनही फारसं सापडत नाही. पण एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. जातीनुसार पोटं वेगळी असतात असं आम्ही अजिबात म्हणत नाही, आणि कोणी तसं म्हणू लागलं तर त्याला तिथेच थांबवा. दूध न पचणारी माणसं सगळ्या जातींत, सगळ्या धर्मांत आहेत. फरक एवढाच की एखाद्या खात्यापित्या घरात दूध सोसलं नाही तर ‘डॉक्टरांना दाखवू’ म्हणतात, आणि आपल्या घरात माणूस स्वतःलाच कमी लेखतो.

आता करायचं काय? घाबरून सगळं बंद करायचं नाही. पेलाभर, म्हणजे दोनशे मिलिलिटर दुधात जवळपास दहा ग्रॅम लॅक्टोज असतं. बऱ्याच जणांना एवढंही चालून जातं, विशेषतः जेवणाबरोबर घेतलं तर. उपाशीपोटी गटागटा प्यायलेलं दूध जास्त त्रास देतं. कटिंग चहातल्या दोन चमचे दुधाने सहसा काही होत नाही; रात्रपाळीत सात-आठ चहा झाले की मात्र बेरीज होते, आणि ॲसिडिटीचं खापर भलत्याच गोष्टीवर फुटतं. दही लावताना जंतू बरीचशी साखर खाऊन टाकतात, म्हणून दही-ताक अनेकांना सोसतं. पनीर करताना पाणी निथळतं, त्याबरोबर साखरही निघून जाते. तुपात ती जवळपास नसतेच. उलट खवा आणि दूध पावडर यांत ती दाटून बसते. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत तर निम्मं वजन लॅक्टोजचंच असतं.

ओळखायचा साधा मार्ग असा. मोठ्या माणसाने दोन आठवडे दूध, खवा, पावडर पूर्ण थांबवावं, काय खाल्लं आणि पोट कसं राहिलं ते वहीत लिहावं, मग जेवणासोबत अर्धा कप दूध घेऊन बघावं. आपलं माप आपल्याला कळतं. मोठ्या रुग्णालयात श्वासातला हायड्रोजन मोजून तपासणी होते, पण दर वेळी तिची गरज नसते. मात्र शौचातून रक्त, ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर दुधावर ढकलू नका. आतड्याचा टीबी असू शकतो, दुसरं काही असू शकतं. आधी डॉक्टर.

‘मग हाडांचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, पेलाभर दुधात अडीचशेच्या आतबाहेर. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण भाकरी रोजची असते. तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट चावून खाल्ली जाणारी मांदेली, सुकट, सुके बोंबील हे सगळं आपल्या बाजारात आहे. एका अंड्यात साधारण पेलाभर दुधाइतकीच प्रथिनं आहेत. निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये मिळतात. ज्याला दूध सोसत नाही त्याने ते पैसे दुधावर घालवून वर जुलाब ओढवून घेऊ नयेत. अंडी, मासळी, डाळ, शेंगदाणे आणावेत.

शेंगदाण्याचं नाव निघालं, तर ॲलर्जीचं बोलावं लागेल. हा विषय वेगळा आहे आणि जिवाशी खेळणारा आहे. दूध न पचणं हा पोटाचा त्रास. ॲलर्जी म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या अन्नाला शत्रू समजून उठते. तिथे ‘थोडं चालेल’ हा हिशेब लागू नाही. कोळंबी, खेकडा, मासे, शेंगदाणे, काजू, अंडं, दूध, गहू, सोयाबीन यांपैकी कशानेही ती होऊ शकते. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. आपल्याकडे याला ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात. चोळा, बापडे. पण काय खाल्लं होतं ते लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी गोष्ट अंगावरच्या गांधींवर थांबेल याची खात्री नाही. घसा आवळला, आवाज बदलला, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लिंबूपाणी नको, हळद-दूध नको, खाजेची गोळी देऊन वाट बघणं नको. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. लगेच १०८ ला फोन करा. याचं खरं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आहे, आणि ते मांडीत लवकर पडलं पाहिजे.

इथे आणखी एका धंद्याबद्दल सांगायला हवं. ‘एका थेंबात शंभर पदार्थांची ॲलर्जी तपासा’ अशा जाहिराती आता आपल्या भागातही पोहोचल्या आहेत. एका बाईने अशा अहवालावरून वांगी, तूर, गहू, अंडी सगळं सोडलं आणि चार महिन्यांत रक्त उतरवून घेतलं. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे सव्वीस टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली. पण अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता एक-सव्वा टक्क्याच्या आसपास लोकांतच निघाली. कागद पॉझिटिव्ह असला तरी ते अन्न खाऊन काही होत नसेल, तर त्या कागदाला अर्थ नाही. हजारो रुपये वाचवा.

तान्ह्या बाळांबाबत हे प्रयोग घरी करायचे नाहीत. जुलाब झाले म्हणून अंगावरचं दूध तोडणं हा गुन्हा समजा. आईच्या दुधात लॅक्टोज भरपूर असतं आणि बाळाला तेच हवं असतं. मोठ्या जुलाबानंतर आतड्याला सूज येऊन वरचं दूध काही दिवस पचत नाही, ते बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारतं. तोवर ओआरएस, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, आणि अंगावरचं पाजणं चालू. बाळाच्या शौचात रक्त, अंगभर चट्टे, दर वेळी वरच्या दुधानंतर उलटी असेल, तर ती गाईच्या दुधाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा शेळीचं दूध हा उपाय नव्हे, दोन्हींतली प्रथिनं सारखीच असतात. बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

एवढं घरातलं झालं. सरकारचं काय? २०१८ साली दुधाला भाव नव्हता, साठा पडून होता, तेव्हा शाळेतल्या मुलांना दूध पावडरीची पाकिटं वाटायचं राज्य सरकारने ठरवलं. शेतकऱ्याला मदत व्हावी, आमची ना नाही. पण पोरांच्या पोटाला गोदाम समजायचं? आणि अंड्याची गोष्ट बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं किंवा फळ, असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी वेगळा निधी द्यायला राज्याने नकार दिला. हवं असेल तर लोकवर्गणी काढा, म्हणाले. शेलारसारख्या ठिकाणी, जिथे पालक मागावर तुकड्यावर राबतात, तिथे वर्गणी कोण काढणार? आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून अंगणवाडीच्या मुलांना अंडी मिळतात, म्हणजे राज्याला ते जमतं. अंड्यात लॅक्टोज नाही, भेसळीला जागा नाही, टरफलामुळे हातही लागत नाही. ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे किंवा जे खात नाहीत त्यांना फळ द्या. पण बाकीच्यांच्या ताटातलं अंडं दुसऱ्याच्या सोवळ्यासाठी काढू नका.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या भगिनी त्या समितीत नावाला आहेत, बैठकीला नाहीत. अंड्याचा ठराव तिथे मांडता येतो, ग्रामसभेत मांडता येतो. ठरावाचा मसुदा आम्ही लिहून देऊ.

आणि आपल्या विहारापुरतं एक. बुद्ध पौर्णिमेला सुजाताची आठवण म्हणून आपण खीर वाटतो, वाटलीच पाहिजे. पण पातेल्यात काजू-बदाम घातले असतील तर वाटणाऱ्याने तसं मोठ्याने सांगावं, आणि एक लहान पातेलं नारळाच्या दुधाचं, तांदूळ-गूळ घालून, सुकामेवा न टाकता वेगळं ठेवावं. त्याचा डाव दुसऱ्या पातेल्यात बुडवू नये. लहान मुलांना खीर द्यायच्या आधी आईला विचारावं. कोणी ‘नको’ म्हणालं तर आग्रह करून वाटी हातात कोंबू नये.