हॅण्ड गिअर
अण्णांची पद्मिनी मला 'अपग्रेड' करायची होती. म्हणजे काय, तर स्टिअरिंगखालचा तो हॅण्ड गिअर काढायचा आणि सगळ्या गाड्यांसारखा खाली फ्लोअरवर गिअर घ्यायचा. कारण सांगू? सोलापूरहून तुळजापूरला येताना घाटात तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो, तर दांडा नुसताच लुळा हलला... मागे एसटीचा हॉर्न! पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास शौर्य गाजवणारा मी तिथे घामाघूम.

धाराशिवला चाचांच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. "व्हतंय की," चाचा म्हणाले, "पण काम लई हाय." प्रीमियरनेच शेवटी शेवटी पद्मिनीला फ्लोअर गिअर दिला होता. तसला बॉक्स जुन्या बाजारात शोधायचा. मग क्लच प्लेटचे दाते नव्या शाफ्टला जुळवा, बॉक्सखाली टेकू बसवा, मधल्या पत्र्याला भोक पाडा. प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलली तर तो बॅलन्स करून आणा, नाहीतर वेग घेतला की गाडी थरथरणार. मी मोबाइलवर हिशेब मांडत होतो, बोनसच्या पैशांत बसेल का म्हणून.

"आन् सीट जाती बरं का, मालक."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गिअर वर असल्यामुळेच तर पद्मिनीची पुढची सीट अखंड असते! अण्णा, आई आणि मधे मी. नवरात्रात तुळजापूरला जाताना अण्णा क्लच दाबायचे आणि मी दोन्ही हातांनी गिअर ओढायचो. (आज असं कुणी करताना दिसलं तर मीच शिव्या घालेन.)

घरी विचारलं. अण्णा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "कर की. तुझीच हाय आता गाडी." दोन मिनिटांनी, "मला नाही जमायचं पण ते खालचं."

दुसऱ्या दिवशी चाचांनी बोनेट उघडलं आणि मला दांडा हलवायला लावला. दांड्यापासून बॉक्सपर्यंत सळ्यांची साखळी असते, जोडाजोडाला बुश. प्रत्येक बुश थोडा थोडा झिजला की दांडा वीतभर हलतो आणि खाली गिअरला पत्ताच नसतो. "बॉक्सला काय झालं न्हाई. बुश गेलेत." हे आदल्या दिवशी का नाही सांगितलं? "तुम्ही कुठं इचारलं?"

कुर्ल्यात १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली ही गाडी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची अजून घाट चढते.

बुश बदलून तुळजापूरचा घाट उतरलो आणि परत चढलो. दुसरा पडला, खाड्‌कन! अण्णा खिडकीशी. मधे कुंथलगिरीच्या पेढ्यांचा बॉक्स. वळणावर तो माझ्याकडे सरकला, तसा अण्णांनी हाताने धरून ठेवला.