गोळीला खाट लागत नाही

"मेडिक्लेम हॉस्पिटलसाठी असतो हो, घरी बसून घ्यायच्या गोळ्यांसाठी नाही." एका विमा एजंटाने हे मला ऐकवले. मावशीच्या फाइलमधल्या पत्रात हेच जरा रुबाबात लिहिले आहे: २४ तास दाखल नसल्याने दावा नामंजूर. फुप्फुसाच्या कॅन्सरवरची तिची गोळी रोज सकाळी घोटभर पाण्याबरोबर जाते आणि महिन्याचे बिल तिच्या पेन्शनला पुरून उरते.

एजंटाचे म्हणणे नियमालाही धरून नाही. तोंडाने घ्यायची केमोथेरपी, मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शने असे बारा आधुनिक उपचार पॉलिसीतून वगळू नका, असे विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्येच कंपन्यांना बजावले आहे. मात्र त्याच नियमाने उपमर्यादा घालायची मुभा ठेवली. म्हणून दहा लाखांच्या पॉलिसीतही या उपचाराला हाती येणारी रक्कम फार कमी असू शकते, आणि ते कळते बिल दाखवल्यावर. वर 'टार्गेटेड गोळी म्हणजे केमो नव्हे' हा शब्दच्छल आहेच. आजार तोच, डॉक्टर तेच. दावा मात्र व्याख्येत अडकतो. हे मला संतापजनक वाटते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: इतकी महाग औषधे दिली तर सगळ्यांचेच हप्ते वाढतील. वाढतील, जर किंमत अटळ मानली तर. मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरवरचे 'नेक्साव्हार' बायर कंपनी महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकत होती. मार्च २०१२ मध्ये पेटंट कार्यालयाने नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते बनवण्याची मुभा, दिला आणि तेच औषध महिन्याला जास्तीत जास्त ८,८८० रुपयांत देण्याची अट घातली. एवढी तफावत औषध बनवण्याच्या खर्चातून येत नाही, ती मक्तेदारीतून येते. खोलीच्या भाड्यावरून हॉस्पिटलांशी घासाघीस करणाऱ्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन औषध कंपन्यांशीही भाव करावा. आणि विम्याने खाट मोजू नये, उपचार मोजावा. उपमर्यादा पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ठळक छापावी.

तोवर विमा लोकपालाचे दार आहे. कंपनीने आपली लेखी तक्रार फेटाळल्यापासून वर्षाच्या आत तिथे जाता येते. फी नाही, वकील नाही. पुण्यातही कार्यालय आहे. मावशीने डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. सोबत जोडायला दाव्याचा जुना फॉर्म काढला, तर 'दाखल केल्याची तारीख' हा रकाना तिने कोराच ठेवलेला. "इथे काय लिहायला हवं होतं रे?" तिने विचारले. अर्जात गोळी सुरू झाल्याची तारीख घाल, म्हणालो.