थांबत थांबत ग्रँड कॅन्यन

गेल्या महिन्यात एक परिचित दांपत्य दवाखान्यात आले. काका ७२ वर्षांचे. मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेली प्रोस्टेट. काकू ६८ वर्षांच्या. गुडघे कुरकुरणारे, एरवी प्रकृती उत्तम. लेक-जावई अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्सला असतात. त्यांनी जूनअखेरीस वाळवंटी प्रदेशाच्या सहलीचा बेत आखला होता : चार दिवस, सहा ठिकाणे आणि मुक्काम तंबूत. काका उत्साहाने मोबाइलवरचा नकाशा दाखवत होते. काकू गप्प होत्या.

काका वजन करायला आतल्या खोलीत गेले, तेव्हा काकूंनी हळूच विचारले, ‘‘डॉक्टर, तिकडे रस्त्यात बाथरूमची सोय असते का हो? नसली तर मी आपली पाणीच पीत नाही. पंढरपूरला जाताना तेच करते.’’ निघताना काका मागे रेंगाळले आणि म्हणाले, ‘‘ती लघवीची गोळी प्रवासापुरती बंद ठेवली तर चालेल ना? जावयांना दर तासाला गाडी थांबवायला कसे सांगायचे?’’

दोघांची अडचण एकच होती, आणि दोघांनीही ती एकमेकांपासून व मुलांपासून लपवली होती. वाळवंटातील प्रवासात वृद्धांना सर्वाधिक धोका असतो तो या संकोचाचा. म्हणून आजचे सदर त्याच्यापासूनच सुरू करतो.

कोरडी हवा फसवते

आपल्या कोकणात घाम अंगावरून ओघळतो, त्यामुळे शरीरातून पाणी जात आहे हे कळते. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत घाम येताक्षणीच उडून जातो. सदरा कोरडा राहतो आणि माणसाला वाटते, आपल्याला घाम आलाच नाही. त्यात वाढत्या वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबाच्या औषधांत लघवीचे प्रमाण वाढवणारा घटक असेल, किंवा मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी आणखी वेगाने घटते. अशा वेळी मुद्दाम पाणी टाळले, तर गाडीतून उतरताना रक्तदाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. खुब्याचे हाड मोडण्यास तेवढे निमित्त पुरते.

म्हणून तहानेची वाट पाहू नका. दर अर्ध्या तासाला अर्धा पेला पाणी घोट घोट घ्या. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडते आहे असे समजा. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा घातली आहे, त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. लघवीची गोळी मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ पुढे-मागे करता येते का, हे विचारून ठरवा. काकांना मी तशी वेळ बदलून दिली.

महिना आणि उंची

जूनअखेरीस फिनिक्समध्ये दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर असते. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडचा मान्सून येतो. ऊन असलेल्या ठिकाणीही दूर पडलेल्या पावसाचे पाणी अरुंद घळींतून अचानक लोंढ्यासारखे येते. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्याने ११ पर्यटकांचा बळी घेतला. म्हणून कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू कधीही ठोकू नये. ज्येष्ठांसाठी एप्रिलअखेर ते मे, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ योग्य. आम्ही ऑक्टोबर निवडला.

वाळवंट म्हणजे सपाट वाळू, हा समज मात्र येथे खोटा ठरतो. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर आहे. फ्लॅगस्टाफ आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही सातशे मीटर उंच. पहिल्या दिवशी थोडे डोके दुखणे, चालताना दम लागणे स्वाभाविक आहे. दमा, हृदयविकार वा फुप्फुसांचा जुना आजार असणाऱ्यांनी मात्र आधी तपासणी करून घ्यावी. ऑक्टोबरात तेथे रात्री पारा शून्याजवळ उतरतो. तेव्हा कानटोपी, लोकरी मोजे आणि जाड पांघरूण हवेच.

नकाशा थांब्यांचा

काका-काकूंसाठी मुलीशी फोनवर बोलून आम्ही दहा रात्रींचा बेत केला : फ्लॅगस्टाफ दोन, ग्रँड कॅन्यन तीन, मॉन्युमेंट व्हॅली दोन, पेज दोन आणि परतीच्या वाटेवर पुन्हा फ्लॅगस्टाफ एक. सहाची चार ठिकाणे झाली, तेव्हा काकू पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या.

सर्वांत लांब टप्पा ग्रँड कॅन्यन ते मॉन्युमेंट व्हॅली, सुमारे २८५ किलोमीटर. मी मुलीला सांगितले, ‘‘तू अंतर नको मोजूस, थांबे मोज.’’ कॅन्यनच्या मुख्य वस्तीपासून सुमारे ४० किलोमीटरवर डेझर्ट व्ह्यू. पुढे ५० वर कॅमेरन. ४० वर ट्यूबा सिटी. नंतर काएन्टापर्यंत सुमारे ११५ किलोमीटरचा मोठा पल्ला. आणि शेवटचे ४०. म्हणजे लक्ष द्यायचे ते ट्यूबा सिटीनंतरच्या सव्वा तासाकडे. तिथे निघण्यापूर्वी ‘जायचे आहे का?’ असे कोणाला विचारायचे नाही, सर्वांनीच उतरायचे. नातवंडेही उतरली की आजी-आजोबांना ओशाळे वाटत नाही. शिवाय दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटे चालल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोकाही कमी होतो.

ग्रँड कॅन्यन सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. येथे आपल्या गडांचा हिशेब उलटा होतो. सिंहगड चढताना दम लागला तर मागे फिरता येते आणि उतार सोपा असतो. येथे आधी सुखाचा उतार लागतो आणि चढण येते ती थकल्यावर. खाली उकाडाही वाढत जातो. ज्येष्ठांनी खाली उतरण्याचा मोह टाळावा. काठाकाठाने जाणारी वाट बऱ्याच ठिकाणी पक्की व सपाट आहे, चाकाची खुर्चीही तिथे जाते. बागेच्या मोफत बसही फिरतात. पहाटे आणि सूर्यास्ताला काठावर बसून जे दिसते, ते पाहायला खाली जावे लागत नाही.

तंबूतली रात्र

जमिनीवर अंथरूण घालू नका. घडीची उंच खाट घ्या. गुडघे दुखणाऱ्यांना उठताना तिचाच आधार होतो. कॅम्पग्राउंडमधील जागा आधी आरक्षित करावी लागते. ती घेताना स्वच्छतागृहाजवळची मागा. तंबूची दोरी रात्री पायात अडकते. तिला पांढरी चिंधी बांधा. डोक्याला लावायचा टॉर्च उशाशी असू द्या. काकांसाठी मी झाकणाची युरिनल बाटली लिहून दिली, तेव्हा ते लाजले. मी म्हणालो, ‘‘काका, रात्री दोन वाजता थंडीत अडखळून पडण्यापेक्षा हे बरे.’’ विंचवांचा प्रदेश असल्याने सकाळी बूट झटकूनच घालावेत. हे सारे झेपणार नसेल, तर तीनातली एक रात्र तंबूत आणि बाकीच्या लॉजवर काढाव्यात. त्याने सहलीला उणेपणा येत नाही.

औषधांची पिशवी

पुरेशा गोळ्या, मूळ वेष्टनात, औषधांची मूळ नावे लिहिलेल्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. आपले पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन या नावाने मिळते. दोन वेगळी औषधे समजून दोन्ही घेऊ नका. इन्सुलिन उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नये आणि बर्फाला थेट टेकवूही नये; गोठलेले इन्सुलिन निकामी होते. थंड रात्री ते अंथरुणाजवळ ठेवा. जलसंजीवनीची पाकिटे येथूनच न्या. जुने आजार धरून घेतलेला प्रवास विमा आणि आणीबाणीचा ९११ हा क्रमांक दोन्ही कागदावर लिहून ठेवा. त्या भागात मोबाइलला अनेकदा रेंज नसते.

घड्याळाचीही एक गंमत आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. मॉन्युमेंट व्हॅली ज्या नावाहो लोकांच्या प्रदेशात आहे, तो करतो. त्यामुळे ऑक्टोबरात ग्रँड कॅन्यनहून तेथे पोहोचताच मोबाइल एक तास पुढे जातो आणि पेजला पुन्हा मागे येतो. गोळ्या व इन्सुलिनसाठी मनगटावरचे घड्याळ एकाच वेळेवर ठेवा.

मुलांनो, सुना-जावयांनो, शेवटी एक विनंती तुम्हाला. आई-बाबा ‘आम्हाला काही त्रास नाही’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या बाटलीतले पाणी पाहा. ती दुपारपर्यंत भरलेलीच असेल, तर कारण विचारत बसू नका. गाडी थांबवा आणि म्हणा, ‘मला जरा पाय मोकळे करायचे आहेत.’

काका-काकू येत्या ऑक्टोबरात निघत आहेत. परवा काकू रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा त्यांनी वही दाखवली. देवळांच्या यादीसारखी थांब्यांची यादी सुवाच्य अक्षरात लिहिली होती, आणि प्रत्येक नावापुढे दोन शब्द : ‘पाणी प्यायचे’.